वरून पिवळा, आतून डांबर

यंदाच्या अंकाचा विषय ‘रंग’ असल्याचं संपादकांनी कळवलं, तेव्हा पैठणी, रांगोळी आणि रविवर्मा यांची वाटणी आधीच झाली असणार हे उघड होतं. मला असा विषय हवा होता, जिथे खरं तर रंगाला काही कामच नाही. गाणं वाजवणारं यंत्र लाल असो वा काळं, गाणं तेच. तरीही जुने वॉकमन जमवणारी माणसं एकाच मॉडेलच्या तीन-तीन रंगांसाठी वर्षानुवर्षं झुरतात, हे मी ऐकून होतो. त्यांतल्याच एका गृहस्थांचं बोट धरून रविवारी सकाळी पुण्याच्या जुन्या बाजारात गेलो.

बुधवारी आणि रविवारी भरणाऱ्या या बाजारात ताडपत्रीवर काय नसतं? पितळी नळ, गंजलेले पाने, घड्याळांचे नुसते काटे, टीव्ही केव्हाच भंगारात गेलेले रिमोट. माझ्यासोबतचे काका एका कारखान्याच्या टूलरूममधून निवृत्त झालेले. चालताना ते कुठेच थांबत नव्हते, पण नजर सगळीकडे फिरत होती. एका ठिकाणी मिक्सरच्या भांड्यांखालून पिवळा कोपरा डोकावला आणि ते उकिडवे बसले.

“सोनी आहे काका, ओरिजिनल. पाण्यात पण चालतो,” विक्रेता म्हणाला.

“जमिनीवर चालतो का तेवढं सांग,” काका म्हणाले.

माझी अपेक्षा होती की ते आधी रंग बघतील. त्यांनी आधी सेलचा कप्पा उघडला. स्प्रिंगवर हिरवट-पांढरा थर होता. पेन्सिल सेल आतच राहिले की त्यातला क्षार पाझरतो आणि पत्र्या खातो. मग झाकणाची बिजागरी, खटका, भोवतीची रबरी कड. बटण दाबून चक्री बोटाने फिरवून पाहिली. सगळ्यात शेवटी सेलच्या कप्प्याचं दार उलटं करून त्याची आतली बाजू उजेडात धरली. “मूळचा पिवळा हा. बाहेर दिसतोय तो उन्हाने झालेला.” माझ्या डोळ्यांना दोन्ही पिवळेच दिसत होते.

घासाघीस लांबली. विक्रेत्याने आकडा काकांच्या तोंडाकडे बघून सांगितला होता आणि काकांचं तोंड टूलरूममध्ये घडलेलं. अखेर एक बंद पडलेलं इस्त्रीचं थर्मोस्टॅटही पदरात पाडून घेऊन पिवळा वॉकमन पिशवीत गेला.

काळं म्हणजे गंभीर

या पिवळ्याच्या आधी निळा होता. सोनीने १ जुलै १९७९ रोजी जपानमध्ये विक्रीला आणलेला पहिला वॉकमन, टीपीएस-एल२. किंमत ३३,००० येन, निळा-चंदेरी धातूचा डबा, सोबत नारिंगी स्पंजचे हलके हेडफोन. यंत्र अगदी नवं होतं असंही नाही. पत्रकारांसाठी ‘प्रेसमन’ नावाचा छोटा टेपरेकॉर्डर कंपनीकडे होताच. संस्थापकांपैकी मासारू इबुका यांना विमानाच्या लांबच्या प्रवासात संगीत ऐकायला काहीतरी आटोपशीर हवं होतं. त्यांच्यासाठी प्रेसमनमधली ध्वनिमुद्रणाची सोय काढली, स्टिरिओ बसवला आणि दुसरे संस्थापक अकिओ मोरिता यांना त्यात धंदा दिसला. ज्यावर रेकॉर्डिंग होत नाही असा टेपरेकॉर्डर घेणार कोण, ही शंका कंपनीतच होती. पहिली ३०,००० नगांची खेप सुरुवातीला रेंगाळली आणि ऑगस्ट सरेपर्यंत संपली.

या निळ्या डब्यावर आज जगभरचे संग्राहक जीव टाकतात, ते त्याच्या दोन खुणांमुळे. एक, हेडफोनची दोन भोकं. एकट्याने ऐकणं मोरितांना शिष्टाचाराला धरून वाटलं नव्हतं. घरी प्रयोग करताना पत्नीला आपण दूर लोटल्यासारखं वाटलं, हे त्यांनी आत्मचरित्रात लिहिलं आहे. म्हणून दोघांची सोय. अगदी सुरुवातीच्या नगांवर या भोकांपाशी ‘गाइज’ आणि ‘डॉल्स’ असं छापलेलं असे. नंतर तिथे नुसती ‘ए’ आणि ‘बी’ ही अक्षरं आली. ‘गाइज-डॉल्स’वाला नग सापडला की किंमत चढते. दुसरी खूण नारिंगी बटणाची. ते दाबलं की गाणं हळू होतं आणि छोट्या माइकमधून शेजाऱ्याचं बोलणं कानात येतं. लोकांना शेजाऱ्याचं ऐकायचंच नव्हतं, हे लवकरच कळलं आणि पुढच्या पिढ्यांमधून ते बटण गेलं.

रंगीत यंत्रं जगाला नवी नव्हती. ट्रान्झिस्टर रेडिओ पन्नासच्या दशकापासून लाल-हिरवे मिळत. पण ते स्वस्त आणि मजेचे. उत्तम आवाजाचं यंत्र म्हणजे काळं, चंदेरी किंवा लाकडी, दिवाणखान्यातल्या कपाटाशी जुळणारं. वॉकमनने चांगला स्टिरिओ आवाज कपाटातून काढून कमरेला लावला, आणि अंगावर येणाऱ्या वस्तूला रंग विचारला जाणारच. १९८१चा डब्ल्यूएम-२ आला तो आकाराने लहान, बटणं दर्शनी बाजूला, आणि लाल, काळा, चंदेरी अशा पर्यायांत. १९८३मध्ये जवळजवळ कॅसेटच्या डबीएवढा डब्ल्यूएम-२० आला. एकाच पेन्सिल सेलवर चालणारा, कॅसेट घालताना ओढून मोठा करायचा. मग तो पाण्याला आणि वाळूला न घाबरणारा पिवळा ‘स्पोर्ट्‌स’, ज्याची नक्कल इतरांनीही पिवळ्यातच केली. दशकाच्या उत्तरार्धात मुलांसाठी ‘माय फर्स्ट सोनी’ आला, भडक लाल.

आता याच कंपनीचा व्यावसायिकांसाठीचा वॉकमन पाहा. १९८४चा डब्ल्यूएम-डी६सी. ध्वनिमुद्रण करणारा, क्वार्ट्‌झने वेग बांधलेला, पत्रकारांनी आणि मैफली टिपणाऱ्यांनी वर्षानुवर्षं वापरलेला. तो काळा आणि फक्त काळा. ज्याने काम करायचं त्याचा रंग ठरलेला. जो अंगावर घालायचा त्याला पर्याय. म्हणून संग्राहक रंगामागे धावतो तेव्हा तो वरवरच्या गोष्टीमागे धावतो, हे मला आता पटत नाही. कपड्यांच्या दुकानात जे घडतं ते विजेच्या उपकरणांच्या दुकानात इथे घडू लागलं, आणि त्याचा पुरावा यंत्रात नाही, रंगातच आहे.

मामाने निवडलेला लाल

आपल्याकडे मात्र गोष्ट उलटी झाली. रंग निवडणारा एक आणि वापरणारा दुसरा.

सोनीची भारतातली कंपनी १९९४मध्ये सुरू झाली. त्याआधीची पंधरा वर्षं परदेशी वॉकमन म्हणजे जबर जकात, परवान्यांची भानगड, आणि त्यातून काढलेल्या वाटा. एक वाट मुंबईच्या क्रॉफर्ड मार्केटजवळच्या मनीष मार्केट-मुसाफिरखान्यातून जाई. दुसरी सहारच्या विमानतळावरून, आखातातून सुट्टीवर आलेल्या माणसाच्या बॅगेतून. रत्नागिरी-रायगडकडच्या खाडीपट्ट्यात आणि गोव्यात आखातात किंवा बोटीवर असलेला कोणीतरी नात्यात असेच, आणि त्याच्या येण्याची तारीख घरादाराला पाठ असे.

लॅमिंग्टन रोडच्या मागच्या गल्लीत एका जिन्याखाली बसणारे दुरुस्तीवाले चाचा मूळचे राजापूरकडचे. उमेदीची वर्षं त्यांनी कुवेतमध्ये वॉकमन विकणाऱ्या दुकानात काढली. “आमच्या गल्ल्यासमोर माणूस उभा राहायचा ना,” ते सांगतात, “तर त्याच्या हातात चिठ्ठी. भावाला एक, मेव्हण्याला एक, बहिणीच्या पोराला एक. पोराला लाल. मेव्हण्याला काळा, मेव्हणा नाराज व्हायला नको. स्वतःला काहीच नाही, त्याचं जहाज किंवा साइट.” बायकांसाठी कोणता रंग घेत, हे मी विचारलं. चाचा हसले. “बायकांसाठी साबण आणि परफ्यूम.”

हे सरसकट खरं असेल असं मी म्हणणार नाही. चाचांच्या गल्ल्याइतकं ते खरं. पण जुन्या बाजारात आणि मुंबईच्या मटन स्ट्रीटवर जे तुकडे सापडतात, त्यांच्यामागे अशी कोणाची तरी चिठ्ठी असते हे लक्षात ठेवून त्यांच्याकडे पाहावं. काकांच्या संग्रहातल्या एका लाल वॉकमनच्या सेलच्या कप्प्यात ब्लेडने खरवडून आडनाव कोरलेलं आहे. वसतिगृहात राहणाऱ्या मुलाचा असणार, असा त्यांचा तर्क. ते आडनाव घासून काढायला ते तयार नाहीत.

या यंत्रांत वाजत काय होतं? ऐंशीच्या दशकात कॅसेट स्वस्त झाली आणि लहान कंपन्यांचं पेव फुटलं. पुण्यात अलूरकर म्युझिक हाउसने शास्त्रीय गायकांच्या मैफली घरात आणल्या. दुसरीकडे आनंद शिंद्यांची लोकगीतं टपरीटपरीवर वाजू लागली. यांतलं टपरीवरचं संगीत वॉकमनमध्ये फारसं गेलं नसावं. ते चारचौघांत ऐकायचं, आणि चारचौघांसाठी डबल कॅसेटचा मोठा टेप. वॉकमन असलेल्या घरात बहुधा भावगीतं, पुलंचं कथाकथन आणि अभ्यासाच्या नावाखाली इंग्रजी गाणी.

पट्टा वितळतो तेव्हा

पुण्याहून आणलेला पिवळा चाचांच्या टेबलावर उघडला गेला. चार बारीक स्क्रू निघाले, पाठ उचलली, आणि आत डांबर. खरोखर डांबरासारखाच काळा, चिकट पदार्थ मोटरच्या पुलीला आणि चकतीला लडबडलेला. हा एकेकाळचा रबरी पट्टा.

कॅसेट वाजवण्याची सगळी कसरत टेप एका ठरावीक वेगाने पुढे सरकवण्याची आहे: सेकंदाला ४.७६ सेंटिमीटर. फिलिप्सने १९६३मध्ये कॅसेट आणली तेव्हापासून हा वेग जगभर तोच. पुण्यात भरलेली कॅसेट ओसाकात त्याच सुरात वाजते ती त्यामुळे. चार मिलिमीटरहूनही अरुंद टेप एक बारीक पोलादी दांडा आणि त्याला टेकलेला रबरी रोलर यांच्या चिमटीतून ओढली जाते. दांड्याच्या मुळाशी जड चकती असते. तिच्या वजनामुळे वेग डुलत नाही. मोटर आणि ही चकती यांना जोडतो तो पट्टा. हवेतल्या दमटपणाने त्याचं रसायन मोडतं. काही पट्टे कडक होऊन तुटतात, काही सैल पडतात आणि गाणं झोकांड्या खाऊ लागतं, काहींचं असं डांबर होतं. कपाटात जपून ठेवलेल्या, कधीही न वाजवलेल्या, पेटीबंद नगातही हेच. न वापरल्याने जुनं यंत्र चांगलं राहतं, ही समजूत इथे कामाची नाही.

चाचा कापसाच्या काडीला आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून डांबर पुसतात. एक काडी, दुसरी, विसावी. नवा पट्टा शोधायला त्यांच्याकडे प्लास्टिकच्या पिशवीत शेकडो पट्टे एकत्र गुंतलेले. बोटांवर ताणून ते अंदाज घेतात. मग खास सूर भरलेली कॅसेट लावायची, ३,१५० हर्ट्‌झचा एकच सलग पीऽऽ. फोनवरचं अॅप आकडा दाखवतं आणि मोटरच्या पाठीवरच्या छिद्रात बारीक पेचकस घालून वेग जुळवायचा. पूर्वी चाचा हे कानाने करत. “लताबाईंचा आवाज पातळ वाटला की वेग जास्त, जाड वाटला की कमी.” अॅप अधिक अचूक आहे हे त्यांना मान्य आहे, आवडलेलं नाही.

पट्ट्याचा आजार बहुतेकांचा. काही मॉडेलांचे आजार खानदानी. १९८२च्या ‘डीडी’ मालिकेत पट्ट्याऐवजी मोटर थेट चकतीला फिरवते, म्हणून आवाज विलक्षण स्थिर. पण तिच्या मधल्या प्लास्टिकच्या दातेरी चाकाला वयाने तडा जातो आणि दर फेऱ्याला टिक-टिक ऐकू येते. डीडी विकत घेणारा माणूस आधी गाणं ऐकतच नाही, टिकटिक ऐकतो. पुढच्या पातळ मॉडेलांतले छोटे कपॅसिटर गळतात. सोल्डरिंगचं गरम टोक लागलं की त्यांतून सडक्या मासळीचा वास येतो. १९८५पासून आलेल्या च्युइंग गमच्या पट्टीसारख्या चपट्या बॅटऱ्या मिळणं वेगळीच डोकेदुखी. हेडफोनचा स्पंज तर मुंबईच्या दोन पावसाळ्यांत हाताला पिठासारखा लागतो.

पार्लरमधला उपाय

रंगाचे आजार निराळे. धातूच्या निळ्या डब्याचा रंग कोपऱ्यांवर उडून खालचं ॲल्युमिनियम दिसतं. हा झिजण्याचा प्रकार आणि संग्राहक तो खपवून घेतात, काहींना तर आवडतो. लाल प्लास्टिक उन्हात फिकट होऊन विटकरीकडे झुकतं. पांढरं आणि राखी पिवळं पडतं. प्लास्टिक आग धरू नये म्हणून मिसळलेल्या ब्रोमीनच्या संयुगांचाही त्यात हात असतो. नव्वदच्या दशकातल्या काही नगांवर मऊ रबरासारखा लेप असतो, तो चिकट होतो. वॉकमन उचलावा तर बोटांचे ठसे त्याच्यावर आणि त्याचा लेप बोटांवर.

पिवळेपणावर जगभरातला उपाय हायड्रोजन पेरॉक्साइड आणि ऊन. काका त्यासाठी ब्युटी पार्लरच्या सामानाच्या दुकानातून केस ब्लीच करायचं क्रीम आणतात. दुकानदार सुरुवातीला त्यांच्या टकलाकडे बघायचा. क्रीम फासायचं, वर पातळ प्लास्टिक गुंडाळायचं, गच्चीत ठेवायचं, दर तासाला फिरवायचं. फिरवायला विसरलात तर संगमरवरासारखे ढग उमटतात आणि ते जात नाहीत. शिवाय उपाय कायमचा नाही, पिवळेपणा परततो. मला हा खटाटोप पटत नाही. पिवळा पडलेला पांढरा हाही त्या यंत्राचाच रंग आहे. काका म्हणाले, “तुम्ही लेखक. तुम्हाला डाग चालतात.”

नवा रंग मारणं हा मात्र काकांच्या लेखी गुन्हा. २०१४मध्ये ‘गार्डियन्स ऑफ द गॅलेक्सी’ या हॉलिवूडपटात नायकाच्या कमरेला निळा टीपीएस-एल२ दिसला आणि त्याचे भाव भडकले. धडका नग आज काही शे डॉलरला जातो. भाव आले तसे रंगारीही आले. ओळखायचं कसं? स्क्रूच्या खाचेत रंग उतरलाय का. छापील अक्षरांची कड भिंगाखाली ठसठशीत आहे की पसरट. आणि कप्प्याच्या दाराची आतली बाजू, जिथे रंगाऱ्याचा आळस पकडला जातो.

त्यांचा नियम असा: आतलं काहीही बदला, बाहेरचं काहीही नाही. पट्टा, मोटर, हेड, दातेरी चाक, सगळं दुसऱ्या नगातून काढून घाला. कवच मात्र जन्माचं हवं. जुन्या वस्तूंच्या जगात हे अनेकांना उलटं वाटेल. जुन्या घड्याळाचा संग्राहक आतलं यंत्र मूळचं आहे का हे आधी विचारतो.

टोकियोहून येणारी बॅग

काकांच्या कपाटात मॉडेलप्रमाणे मांडणी नाही. वरच्या खणात निळे, मग लाल, मग एक लांबलचक काळी-चंदेरी रांग, कारण तेच सर्वांत जास्त विकले गेले. खाली गुलाबी आणि हिरवे, मोजके. टोकियोच्या गिन्झा भागात २०१९च्या उन्हाळ्यात वॉकमनच्या चाळिशीनिमित्त प्रदर्शन भरलं होतं; एका भिंतीवर सुमारे २३० मॉडेलं लावली होती. त्या भिंतीचा फोटो काकांनी कपाटाच्या दाराला आतून चिकटवलाय, खुणा करून. काही खुणांपुढे बरोबरचं चिन्ह, बाकी रिकाम्या.

त्या रिकाम्या जागा हल्ली भरतात त्या पुतणीमुळे. ती आयटीत, नोकरी टोकियोत, घर निशी-कासाईला, जिथे भारतीयांची मोठी वस्ती आहे. निइगाताकडे १९९३मध्ये सुरू झालेल्या ‘हार्ड ऑफ’ या जुन्या वस्तूंच्या साखळीच्या दुकानांत ‘जंक’ नावाचा कोपरा असतो: वस्तू तपासलेली नाही, हमी नाही, परत घेणार नाही. कामाचा माल तिथल्या टोपल्यांत. एकेकाळी कुवेतहून चिठ्ठी वाचून वॉकमन येत. आता व्हॉट्‌सअॅपवर फोटो येतो आणि काका उत्तर देतात. त्यांनी पुतणीला खोक्यावरची अक्षरं शिकवली आहेत. मॉडेलच्या क्रमांकापुढे कंसात रंगाचं अक्षर असतं: आर म्हणजे लाल, एस चंदेरी, बी काळा. बी काळ्याने घेतल्यामुळे निळ्याला एल. दुकानात वॉकमन नसला आणि नुसतं खोकं असलं, तरी ते घेऊन यायचं.

सोनीने जपानसाठी कॅसेटचे वॉकमन बनवणं २०१०मध्ये थांबवलं. तोपर्यंत ते २० कोटींहून अधिक विकले गेले होते. अलीकडे नवे कॅसेटप्लेयर पुन्हा बाजारात आले आहेत. चीनच्या फीओने काढलेल्या एकाचं निळं कवच कोणाची आठवण करून देण्यासाठी आहे हे सांगायला नको. खरखर कमी करणारी डॉल्बीची सोय नाही, आतली यंत्रणाही पूर्वीइतकी नाजूक-बारीक बनवणारं कोणी उरलं नाही, म्हणून डबा जाडजूड. काकांनी तो हातात घेऊन पाहिला, “रंग चांगला दिलाय” म्हणाले आणि परत केला.

मी निघायच्या बेतात असताना पुतणीचा फोन आला. टोपलीत दोन सापडले होते, एकाच मॉडेलचे. एक निळा, पूर्ण मेलेला. दुसरा करडा, तिने तिथेच सेल घालून पाहिला तर चक्क वाजत होता.

“काका, बॅगेत एकाचीच जागा आहे. वाजतोय तो आणते ना?”

“निळ्याला कुठे चरा आहे?”

“नाही. पण तो बंद आहे, सांगितलं ना.”

“मग दोन्ही आण. करड्याचं कवच तिथेच ठेव, जागा होईल. नुसतं आतलं आण.”

वाजणारं यंत्र सोलून टाकायचं, या विचाराने मी काहीतरी बोलायला तोंड उघडलं. काकांनी हात वर करून मला थांबवलं आणि पुतणीला कोणता पेचकस घ्यायचा ते सांगू लागले.